पत्रा गळत नाही, तरी सकाळी टेबलावर पाणी! (पार्किंगमधलं वर्कशॉप, पाथर्डी फाटा, नाशिक)

रंधेवाला | ९ डिसेंबर, सकाळी ७:२०

नमस्कार मंडळी. डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून धागा काढतोय.

रो हाउसच्या बाजूच्या पार्किंगवर गेल्या एप्रिलमध्ये कलर कोटेड पत्रा टाकून घेतला. तीन बाजूंनी विटांची भिंत, पुढे शटर. १० बाय १८ फूट, उंची सरासरी ९ फूट. आत माझं सुतारकामाचं बिऱ्हाड: बिडाच्या टेबलाची टेबल सॉ, छोटी बँडसॉ, वाइस, वडिलांचे रंधे आणि पटाश्या. बायको त्याला 'दुसरा संसार' म्हणते.

थंडी सुरू झाल्यापासून रोज सकाळी सॉच्या टेबलावर पाणी. ओल नाही हो, पाणी. आज टॉर्च लावून वर पाहिलं. पत्र्याच्या प्रत्येक खालच्या घडीला मोत्यासारखे थेंब ओळीने लटकलेले. एक थेंब शेजारच्याला मिळतो, जड होतो, उताराने पर्लिनपर्यंत (पत्र्याखालचा आडवा आधार) घरंगळत येतो आणि तिथून टप्. नेमका माझ्या काटकोनावर (कोन तपासायचं हत्यार). पुसून ठेवलेला काटकोन दोन दिवसांत तांबूस झाला.

पत्रेवाल्याला बोलावलं. तो तीनदा येऊन गेला, प्रत्येक वेळी स्क्रूंवर सिलिकॉनची एक ट्यूब रिकामी केली आणि 'आता नाही गळणार साहेब' म्हणाला. चौथ्यांदा फोनच उचलत नाही.

गंमत म्हणजे पावसाळ्यात वरून एक थेंब आत आला नव्हता. मग आता आभाळ कोरडं असताना गळतंय कुठून?

चिवडा_कमी_तिखट | ९ डिसेंबर, सकाळी ९:०५

पावसात गळत नाही आणि उन्हात गळतं म्हणजे पत्रा उलटा बसवलाय भो. 😄

दहिवर | ९ डिसेंबर, सकाळी ११:४०

दादा, मी निफाडकडची, द्राक्षवाली. एक विचारते. ज्या रात्री ढग असतात त्या सकाळी पाणी असतं का?

आमची बागेतली साधी खूण सांगते. रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, की पहाटे पानं चिंब. ढग आले की दव नाही. ढग पांघरुणासारखे असतात, जमिनीची ऊब अडवून धरतात. आभाळ उघडं असलं की सगळी ऊब वर निघून जाते आणि पातळ वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार पडते. पान तसं पडतं, मोटरसायकलची सीट पडते, तुमचा पत्रा तर पडणारच. मला वाटतं तुमच्याकडे गळत नाहीये, आतल्या आत दव पडतंय.

पॅनलदादा | ९ डिसेंबर, रात्री १०:१५

दहिवरताईंना शंभरपैकी शंभर. अंबडला २२ वर्षं मेंटेनन्समध्ये आहे. आमच्या भाषेत याला कंडेन्सेशन म्हणतात, पण दव हा शब्द जास्त नेमका आहे.

रंधेवाले साहेब, सिलिकॉन बंद करा. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं डिजिटल घड्याळ आणा, शेदोनशेच्या फरकाने कुठलंही चालेल. आणल्यावर आधी त्याची परीक्षा घ्या, कारण स्वस्तातली घड्याळं थापा मारतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओलसर करा (विरघळवायचं नाही, मीठ दिसलं पाहिजे). ते झाकण आणि घड्याळ एका झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. घड्याळ ८१ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यातून ६ वजा करायचे.

आणि शेडचे आतून चारही बाजूंचे फोटो टाका. पत्र्याचे नकोत, भिंतींचे.

रंधेवाला | १२ डिसेंबर, सकाळी ८:००

मिठाची परीक्षा झाली. माझं घड्याळ ७९ दाखवतं, म्हणजे ४ वजा.

ताई, तुमचं अगदी खरं निघालं! ९ तारखेला रात्री ढग होते, सकाळी पत्रा कोरडा. काल आणि आज निरभ्र, दोन्ही दिवस टपटप. आज साडेसहाला आत १३ अंश आणि (वजाबाकी करून) ८८ टक्के. ऑफिसातल्या मित्राची इन्फ्रारेड गन आणलीये, तिने पत्र्याची खालची बाजू ७ अंश दाखवली.

भिंतींचे फोटो आज संध्याकाळी टाकतो.

पॅनलदादा | १२ डिसेंबर, दुपारी १:३०

मग हिशोब समोरच आहे. १३ अंश आणि ८८ टक्के म्हणजे तुमच्या हवेचा दवबिंदू ११ च्या आसपास. ११ च्या खालच्या कुठल्याही वस्तूवर पाणी बसणार. पत्रा ७ वर आहे. सिलिकॉनच्या तीनशे ट्यूब लावल्या तरी बसणार.

आता प्रश्न एवढाच, की डिसेंबरच्या कोरड्या हवेत तुमच्या शेडमध्ये ८८ टक्के येतात कुठून? काहीतरी आत पाणी सोडतंय.

शटरबंद | १२ डिसेंबर, दुपारी ३:१०

सोपं आहे. बाहेरची दमट हवा आत येतेय. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या पन्हळीच्या फटी फोमने बुजवा, शटरला खाली रबरपट्टी लावा, व्हेंटिलेटरला काच. शेड हवाबंद करा, विषय संपला. मी इंदिरानगरला असंच केलं, एकदम कोरडं.

रंधेवाला | १२ डिसेंबर, रात्री ८:४५

[फोटो १] [फोटो २] [फोटो ३] [फोटो ४]

शटरबंद भाऊ, फोम घेऊन आलोय. रविवारी बुजवतो.

पॅनलदादा | १२ डिसेंबर, रात्री ९:०२

थांबा!! एकही फट बुजवू नका.

तिसऱ्या फोटोत कोपऱ्यात, सायकलच्या मागे, भिंतीवर जे पांढरं खोकं आहे आणि खाली लाल सिलिंडर आहे, तो गॅस गीझर आहे का? चालू आहे का? धूर बाहेर न्यायला पाइप आहे का? लगेच सांगा.

रंधेवाला | १२ डिसेंबर, रात्री ९:२०

हो, गीझरच. आधी पार्किंग उघडं होतं तेव्हा बाहेरच्या भिंतीवरच होता. पत्रा आणि भिंती झाल्या आणि तो आपोआप आत आला. पाइप वगैरे काही नाही. रोज सकाळी चौघांच्या आंघोळी त्याच्यावरच. पण त्याचा याच्याशी काय संबंध?

पॅनलदादा | १२ डिसेंबर, रात्री १०:३०

दोन संबंध आहेत. जिवाचा आधी सांगतो.

बंदिस्त जागेत गॅस गीझर जळला की ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी डोकं जड वाटतं, झोप येते आणि मग उठवत नाही. तुम्ही सकाळी तिथेच रंधा मारत बसता. आजवर शटरच्या आणि पन्हळीच्या फटींनी तुम्हाला वाचवलंय. त्या फटी रविवारी बुजणार होत्या. उद्यापासून शटर पूर्ण वर असल्याशिवाय गीझर पेटवायचा नाही, आणि शक्य तितक्या लवकर तो बाहेर, उघड्या हवेत.

आता पाण्याचा. गॅस जळतो तेव्हा धुराबरोबर पाण्याची वाफ निघते. १ किलो एलपीजी जळला की दीड किलोहून थोडं जास्तच पाणी. चार आंघोळींना गीझर अर्धा तास चालतो असं धरू. तेवढ्यात साधारण अर्धा किलो गॅस जळतो, म्हणजे पाऊण लिटर पाणी वाफ होऊन तुमच्या शेडमध्ये.

शेड १६२० घनफूट, म्हणजे ४६ घनमीटर. १२ अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त १०.७ ग्रॅम बाष्प मावतं. अख्ख्या शेडची क्षमता ४९० ग्रॅम. तुम्ही त्यात ७५० ग्रॅम ओतताय, आणि तेही आधीच अर्ध्याहून जास्त भरलेली असताना. गरम वाफ सरळ वर जाते. वर कोण आहे? ७ अंशांचा पत्रा.

शटरबंद | १२ डिसेंबर, रात्री १०:५०

बापरे. माझ्या शेडमध्ये गीझर नाही, म्हणून चाललं. फोटो न बघता सल्ला द्यायला नको होता. सॉरी रंधेवाले.

चिवडा_कमी_तिखट | १२ डिसेंबर, रात्री ११:१०

वरचा विनोद मागे घेतो. दादा, सकाळी पहिलं काम ते करा.

रंधेवाला | १४ डिसेंबर, सकाळी ७:१५

काल आणि आज पहाटे ५ लाच जाऊन बसलो. ५ वाजता पत्र्यावर नुसती धुरकट झाक होती, बोट फिरवलं तर रेघ उमटते इतपत. थेंब एकही नाही. आज शटर वर करून पावणेसहाला मुलाच्या आंघोळीसाठी गीझर पेटवला. तिसऱ्याची आंघोळ होईपर्यंत झाकेचे टिपके आणि टिपक्यांचे मोती झाले. म्हणजे शटर उघडं असूनसुद्धा. सव्वासहाला पहिला टप्.

इतके दिवस मी पत्रेवाल्याला शिव्या घालतोय. (सिलिकॉनचे पैसे त्याने घ्यायला नको होते ते मात्र खरं.)

गेले काही दिवस सकाळी डोकं जड व्हायचं. ते थंडीचं समजत होतो. हे घरी सांगितलं तेव्हा बायको बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिनेच प्लंबरला फोन लावला.

तांबट_गल्ली | १४ डिसेंबर, सकाळी १०:३०

वाचून अंगावर काटा आला. थोडक्यात वाचलात.

जुन्या नाशकातल्या आमच्या घराला माती-चुन्याच्या जाड भिंती होत्या, वर धाबं. आजोबांचं दुकान खालीच. थंडीत छताला पाणी धरलेलं मी कधी पाहिलं नाही. धाबं रात्रीतून गार पडत नाही आणि चुना थोडी ओल पितो, दुपारी सोडतो. पत्र्याला पिणं माहीत नाही. तुमच्या भिंतींना आतून काय लावलंय? ऑइल पेंट असेल तर त्या पण पिणार नाहीत.

रंधेवाला | २३ डिसेंबर, रात्री ९:००

गीझर बाहेर गेला. मागच्या उघड्या भिंतीवर, वर छोटी छत्री. पाइपलाइन सहा फूट वाढली, पाणी गरम यायला थोडा वेळ लागतो, चालेल.

टपटप थांबली! पण ती पहाटेची धुरकट झाक अजून आहे. आणि तांबट काकांचं बरोबर, भिंतींना आतून ऑइल पेंट आहे. पुसायला सोपा म्हणून लावला होता.

आता ही झाक कुठून? गीझर तर गेला.

पॅनलदादा | २४ डिसेंबर, सकाळी ८:२०

आता खाली बघा. फरशीखाली काय आहे? जाड प्लॅस्टिकचा दीड फुटी चौकोनी तुकडा कोब्यावर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या सील करा, एक दिवस सोडा. वरच्या बाजूला पाणी आलं तर ते हवेतलं. खाली पाणी आलं, कोबा काळपट पडला, तर ते जमिनीतून येतंय.

रंधेवाला | २६ डिसेंबर, सकाळी ७:५०

खाली! पट्टी सोलली तर खालून घाम फुटल्यासारखे बारीक थेंब आणि कोबा गडद. आठवून पाहिलं, पार्किंगचे पेव्हर काढून त्यावर मुरूम आणि सरळ कोबा केला होता. मध्ये प्लॅस्टिक काही नाही. खाली आमच्याकडची काळी माती, ती पाणी धरून बसते. त्यात पत्र्याची पागोळी भिंतीच्या पायाशीच पडते, पन्हळ लावायची राहून गेली होती.

कोब्यावर इपॉक्सीचा थर मारू का?

पॅनलदादा | २६ डिसेंबर, दुपारी १२:४०

इपॉक्सी आत्ता नको. खालून ओल दाब देते, फुगे येऊन पापुद्रे निघतात. कंपनीत दोनदा झालंय, दोन्ही वेळा ठेकेदार म्हणाला 'मटेरियलचा दोष'. आधी पन्हळ लावा आणि पाणी पायापासून लांब न्या. मग २५० मायक्रॉनचं प्लॅस्टिक अंथरून, जोडांवर वीतभर चढवून, भिंतीला कडेने चार बोटं वर घेऊन, त्यावर दोन इंच नवा कोबा. शटरची उंची तपासून घ्या.

दहिवर | २६ डिसेंबर, दुपारी २:००

आणि शेडमध्ये ओली स्कूटर, धुतलेली सायकल, वाळत घातलेलं काही ठेवू नका. आमच्या पॅक हाउसच्या गोडाऊनमध्ये एकाने ओले क्रेट रचले होते, सकाळी सगळी खोकी मऊ.

रंधेवाला | २० जानेवारी, रात्री १०:००

पन्हळ झाली, प्लॅस्टिक आणि कोबा झाला. गवंडी मिळायला दोन आठवडे गेले, सिंहस्थाच्या कामांमुळे चांगला माणूस मोकळा सापडत नाही.

पत्र्याला खालून फोम लावायचं ठरवलंय. दुकानदार थर्माकोल सुचवतोय, स्वस्त आहे. लावू का?

पॅनलदादा | २१ जानेवारी, सकाळी ७:३०

वर्कशॉपमध्ये उघडा थर्माकोल? ग्राइंडरची एक ठिणगी पुरे. अग्निरोधक ग्रेडचा, फॉइल लावलेला क्रॉसलिंक्ड फोम घ्या, १० मिमी, मागे चिकट थर असलेला. पत्रा आधी कोरड्या दुपारी पुसून, चिकटवताना हवा मध्ये राहू द्यायची नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोडांवर फॉइल टेप. जोड उघडा राहिला की आतली हवा फोमच्या मागे जाते, तिथे पत्रा गारच आहे, आणि पाणी आता तुम्हाला न दिसता साचतं.

रंधेवाला | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:००

दोन रविवार, मान मोडेपर्यंत हात वर. पर्लिनच्या बाजूच्या खाचा फार छळतात, तिथे फोम कापताना कागदाचा साचा करून घेतला तेव्हा जमलं.

आज बाहेर थंडी बऱ्यापैकी. गन लावली तर फॉइलवर काहीच्या बाही आकडे, एकदा २, एकदा १९.

पॅनलदादा | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

चकचकीत फॉइलवर गन फसते, ती आजूबाजूचं प्रतिबिंब मोजते. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा, टेपवर मोजा.

रंधेवाला | ५ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

टेपवर १०.५. आत १२ अंश, आर्द्रता ६८. कोपऱ्यात फोम न लावलेला वीतभर पत्रा मुद्दाम ठेवलाय, तो ५. दवबिंदू ६ च्या जरा वर येतो, म्हणजे त्या वीतभर तुकड्यावर झाक आहे, बाकी सगळं कोरडं ठाक. बोट फिरवून आलो, कोरडं!

चिवडा_कमी_तिखट | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

पेढे कुठे?

रंधेवाला | ११ जुलै, रात्री ९:३०

धागा वर आणतोय. थंडीचा प्रश्न सुटला, पण पावसाळ्यात गंज आहेच. पत्र्याला थेंब नाही, तरी सॉच्या बिडाच्या टेबलावर माझ्या पंज्याचा अख्खा तांबूस ठसा उमटलाय. पाचही बोटं मोजता येतात. हवा खेळती राहावी म्हणून दिवसभर शटर अर्धं उघडं ठेवतो. चुकतंय का काही?

पॅनलदादा | ११ जुलै, रात्री १०:४५

शटर बंद करा. 😀

थंडीत बाहेरची हवा कोरडी, म्हणून उघडणं फायद्याचं. जुलैत बाहेर २४ अंश आणि ८५–९० टक्के. शटर उघडून तुम्ही ओल आत बोलावताय. लोखंडावर गंज साधारण ६० टक्क्यांच्या वर झपाट्याने चढतो, त्यासाठी थेंब दिसायलाच हवा असं नाही. आणि ठसा घामाचा आहे, घामातलं मीठ हवेतून पाणी ओढतं.

आमच्या इलेक्ट्रिक पॅनलमध्ये एक छोटा हीटर असतो, थर्मोस्टॅटवाला. तो वाळवत नाही, नुसती हवा थोडी गरम ठेवतो. २४ अंश ८५ टक्क्यांची हवा ५ अंशांनी तापवली की तीच हवा ६३ टक्के होते. पाणी तेवढंच, हवेची धारण करायची ताकद वाढली. हत्यारांचं कपाट असेल तर त्यात हाच हीटर बसवा. पूर्वी लोक ४० चा पिवळा बल्ब लावायचे. एलईडी लावून उपयोग नाही, तो गरम होत नाही. हीटरजवळ भुसा, तेलकट फडके अजिबात नकोत.

तांबट_गल्ली | १२ जुलै, सकाळी ७:४५

फडक्यांवरून आठवलं. जवसाच्या तेलाचे पॉलिशचे बोळे गोळा करून डब्यात टाकत असाल तर तेही बंद करा. ते आपोआप तापून पेट घेतात. उघडे पसरून वाळवायचे किंवा पाण्यात बुडवायचे.

आजोबा हत्यारांच्या पेटीत कापराच्या वड्या ठेवायचे. त्याची बारीक फिल्म लोखंडावर बसते. पेटी बंद असेल तरच हं, उघड्यावर कापूर नुसता उडून जातो.

चिवडा_कमी_तिखट | १२ जुलै, सकाळी ९:००

डीह्युमिडिफायर घेतला तर? ऑनलाइन '२० लिटर रोज' लिहिलेले दिसतात.

पॅनलदादा | १२ जुलै, सकाळी ११:२०

तो आकडा बहुतेक ३० अंश आणि ८० टक्क्यांचा असतो, नाशकात पावसाळ्यात त्याहून कमी निघेल. पण निघेल, आणि शटर बंद असेल तर शेड ५५–६० वर राहील. डिसेंबरमध्ये मात्र १२ अंशांत त्याच्या कॉइलवर बर्फ धरतो, तेव्हा त्याचा उपयोग नाही. विजेचं बिल बघून ठरवा. मी असतो तर कपाटाला हीटर, बिडाच्या टेबलांना तेल, आणि मोठा खर्च पुढच्या वर्षी.

रंधेवाला | २ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

कपाटात थर्मोस्टॅटचा छोटा हीटर बसवला. बाहेर ८८, कपाटात ६१. टेबलावरचा ठसा रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने काढला, वर मशीन ऑइलचा हात. काम संपलं की पुसणं आता सवयीचं झालंय. वडिलांचे रंधे पेटीत, कापरासकट. पेटी उघडली की देवघराचा वास येतो, त्यामुळे मुलगा आता रंधा हातात घेताना आधी नमस्कार करतो, थट्टेने.

अंगठ्याचा ठसा अगदी फिका राहिलाच आहे. तो ठेवलाय.

शटरबंद | २ ऑगस्ट, रात्री ८:१५

फोमचं ते पाकीट पडून आहे का? मला माझ्या दुसऱ्या शेडला लागेल. (गीझर नाही, फोटो टाकतो.)

रंधेवाला | २ ऑगस्ट, रात्री ८:३०

आहे. रविवारी घेऊन जा. आधी फोटो मात्र पॅनलदादांना दाखवा.